आपलंच हॉटेल

"पोरंबाळं घेऊन बाहेर जेवायला जायचंय, पण खिशाला चटका बसायला नको. कुठं जाऊ?" असं कुणाला विचारायचं असलं की तो सरळ रफूवालीकडे यायचा. रफूवाली म्हणजे जिन्याखालच्या दुकानातली. दुकान कसलं, वरच्या मजल्यावर चढणाऱ्या पायऱ्यांखाली जी तिरकी जागा उरते ना, तिथं एक शिलाई मशीन, एक दिवा, भिंतीला खुंट्या आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून तिथं येणारा प्रत्येक जण आपोआप खाली मान घालून बोलायचा. तिचा नवरा म्हणायचा, "राजाला मिळत नाही एवढा मान मिळतो बघ तुला."

तर लोक पँटची दुमड घालून घ्यायला यायचे, कोटाचं अस्तर बदलायला यायचे, आणि हातातलं काम होईस्तोवर स्टुलावर बसून बोलायचे. रफूवालीला माणसाची ऐपत विचारावी लागायची नाही. झिजलेली कॉलर उलटवून शिवायला जो देतो, त्याला कुठं पाठवायचं आणि नवा कोट नुसता कमरेत आवळायला जो देतो, त्याला कुठं पाठवायचं, हे तिला सुई ओवता ओवता कळायचं.

"हे बघा," ती दोरा दातानं तोडत म्हणायची, "कोपऱ्यावरचा सूपवाला चांगला, पण तिथं म्हाताऱ्यांनी जावं. पोरांना तिथं कंटाळा येतो आणि मग ती टेबलाखाली शिरतात. स्टेशनामागं मासे तळून देतात, स्वस्त आहे, पोटभर आहे, पण कपड्याला जो वास लागतो तो सात धुण्यांत जात नाही, मला विचारा. पोरं बरोबर आहेत ना? मग समोर जा. इटालियन आहे. घाबरू नका नावाला."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे. तिच्या मशीनवरून मान वर केली की दिसायचं.

"सहा जण असाल तर सहा मागवू नका, चार मागवा. ताटल्या मोठ्या असतात त्यांच्या. मोठा पिझ्झा एक घ्या, दोन छोटे घेतले की फसलात. पावाची टोपली आपणहून आणत नाहीत, मागितली की मुकाट देतात आणि पैसे लावत नाहीत. पाणी साधं सांगा, नाहीतर बाटली फोडून ठेवतील पुढ्यात. आणि शेवटी ते कॉफीत भिजवलेलं गोड असतं, ते एकच घ्या आणि चमचे सगळ्यांना मागा. लाजायचं नाही. जा, आपलंच हॉटेल आहे."

हे शेवटचं वाक्य ती असं म्हणायची, की माणसाला वाटावं, हिनंच सकाळी उठून तिथली भट्टी पेटवली असेल.

आता हे 'आपलंच' आलं कुठून, ते सांगते. फार वर्षांपूर्वी समोरचा गाळा एका जोडप्यानं घेतला. दोघंही पोरगेलीशीच. नवरा परदेशात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ते खाणं शिकून आला होता. बायको गल्ल्यावर बसायची. दारावर मोठी पाटी, पाटीवर नावं अशी की वाचतानाच जीभ मुरगळावी. लोक दारात थांबायचे, पाटीकडे बघायचे, एकमेकांकडे बघायचे आणि पुढं जायचे. महिना गेला, दुसरा गेला. एक दिवस हॉटेलवाली टेबलावरच्या कापडाचे काठ शिवून घ्यायला म्हणून आली, स्टुलावर बसली आणि घळाघळा रडायलाच लागली.

"ताई, कुणी आत पाऊलच टाकत नाही हो. दारातनं परत जातात."

"अगं, वाचता येत नाही म्हणून जातात. मला तरी कुठं येतं? काय विकता तुम्ही आत?"

हॉटेलवालीनं डोळे पुसले आणि एक ताटली घेऊन आली. रफूवालीनं बघितलं आणि तिला हसूच फुटलं. "ह्या तर नाड्या आहेत! पायजम्यात ओवायच्या!" दुसऱ्या दिवशी आणखी एक आलं, मधे चिमटा काढलेले चौकोनी तुकडे. ती म्हणाली, "हे बो. पोरींच्या फ्रॉकला लावतात ते." आणि तिसरं होतं एकावर एक थर घातलेलं, मधे सारण. "आणि हे अस्तर. कोटाचं." पण खाल्लं मात्र तिनं चाटूनपुसून. मग काय, त्या दिवसापासून स्टुलावर बसणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायला लागली, समोर नाड्या फार छान मिळतात. लोक हसायचे आणि हसत हसत आत जायचे. हसणारा माणूस पाटीला भीत नाही. बघता बघता तिथले वाढपीसुद्धा आत ओरडायला लागले, "दोन नाड्या, एक अस्तर, भिंतीकडच्या टेबलाला!"

तेव्हा एकदा हॉटेलवालीनं तिचे दोन्ही हात धरले होते. म्हणाली होती, "ताई, हे माझं एकटीचं नाही. हे आपलं हॉटेल आहे. तुमचं आणि माझं."

बस. रफूवालीनं ते वाक्य घेतलं आणि आयुष्याला टाचून टाकलं. टेबलांवरची चौकड्यांची कापडं तिनं शिवली, पडदे शिवले, वाढप्यांचे एप्रन शिवले. हॉटेलवाली पैसे द्यायला आली की ही म्हणायची, "घरच्या कपड्याचे कुणी पैसे घेतं का? राहू दे."

तिचा नवरा कंडक्टर होता, बसवर उभा जन्म गेला त्याचा. रिटायर होऊन घरी बसला होता आणि जीभ अजून ड्यूटीवर होती. तो म्हणायचा, "अगं, मीही स्टॉपवर ओरडायचो, चला, चला, आपली बस आली! म्हणून काय बस माझी झाली? रात्री डेपोत लावून चालत घरी यायचो मी."

"तुमचं मन कोतं आहे," ती म्हणायची.

"मन कोतं नाही, बाई. पाय दुखायचे माझे."

हॉटेल वाढलं. शेजारचा गाळा घेतला, मधली भिंत पाडली, काचेचं दार बसलं, दारात एक पोरगी उभी राहायला लागली, केस चापूनचोपून बसवलेली. पहिल्या पहिल्यांदा झाकलेली ताटली रस्ता ओलांडून यायची, "ताई, मीठ बघा बरं." मग आठवड्यातनं एकदा यायला लागली, मग कधीमधी, मग येईना. रफूवालीच्या ते ध्यानातही आलं नाही. आपल्या घरातनं आपल्याला ताट आलं नाही म्हणून कुणी रुसतं का? आणि एक सांगायचं राहिलं, इतक्या वर्षांत ती त्या हॉटेलात टेबलाशी बसून जेवली अशी कधीच नव्हती. दुसऱ्यांना पाठवण्यातच तिचं पोट भरायचं.

तिला लेक एकच. लेक चांगल्या घरात पडली होती. चांगल्या म्हणजे, स्वतःचा जिना असलेल्या. जावई शांत, कमी बोलणारा. पण विहीणबाई! त्या कचेरीत साहेब होत्या, आणि कचेरी सुटली तरी साहेबी सुटली नव्हती. सुनेला थेट कधी बोलायच्या नाहीत. लेकी बोले सुने लागे, तो प्रकार. आपल्या मुलीला फोनवर सांगायच्या, सून भांडी पुसत असली की मुद्दाम मोठ्यानं, "तुझ्या सासूबाईंनी काय थाटात जेवायला नेलं गं आम्हाला! नाहीतर काहींकडे जायचं म्हणजे बसायला खाटेची कड मिळते. असू दे, एकेकाचं नशीब."

रोज थेंब थेंब पडलं तर दगडालाही खळगा पडतो. एक दिवस रफूवालीची लेक भांडं खाली ठेवून म्हणाली, "आमच्या घरात जागा नाही हे खरंय. पण आमचं आपलं हॉटेल आहे."

"कुणाचं?"

"माझ्या आईचं. म्हणजे, आईचं आणि एका बाईंचं. इटालियन."

विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "अस्सं! इतकी वर्षं लपवून ठेवलं होय? मग चला की एकदा. सगळेच जाऊ."

लेक दुसऱ्याच दिवशी आईकडे आली. जिन्याखालच्या स्टुलावर बसली आणि बोटांना दोरा गुंडाळत राहिली.

"काय केलंस हे?" रफूवाली म्हणाली, पण आतून तिला बरंच वाटत होतं.

"तोंडातनं निघून गेलं, आई. पण तू तर नेहमी म्हणतेस ना?"

"म्हणते म्हणजे? आहेच."

"मग एक दिवस मला दाखवू दे त्यांना. एकच. मोठ्या टेबलावर बसव, कुणीतरी तुला ताई म्हणून बोलव, बाकी मला काही नको. त्या घरात मी रोज खाली मान घालून जेवते, आई. एकदा त्यांनी आपल्या टेबलावर बसून जेवावं, म्हणजे माझी मान वर होईल."

रफूवालीनं लेकीच्या बोटांचा दोरा सोडवला. "रविवारी आण सगळ्यांना."

त्याच संध्याकाळी ती रस्ता ओलांडून गेली. हॉटेलवाली टोमॅटोच्या पेट्या उतरवून घेत होती, एका कानाला फोन, दुसऱ्या हातानं हमालाला खुणा.

"रविवारी दुपारी लेकीच्या सासरची माणसं आणतेय. सात जण आहोत. भिंतीकडचं मोठं टेबल."

"या ना ताई, विचारता काय!" हॉटेलवाली फोनवर हात ठेवून म्हणाली. "आपलंच आहे." आणि परत फोनवर, "नाही नाही, तुम्हाला नाही म्हटलं, पेट्या मोजा तुम्ही."

जुना वाढपी शेजारी उभा होता. पहिल्यापासूनचा माणूस. तो म्हणाला, "ताई, दारावरच्या पोरीकडे नाव घालून ठेवू का? रविवारी फार गर्दी असते हल्ली."

रफूवाली हसली. "आपल्याच घरात शिरताना कुणी नाव सांगतं का रे?"

"तसं नाही, पण..."

"काही नको. मीच येणार आहे ना."

तो मान हलवून आत गेला. तिथंच फसलं सगळं. पण तेव्हा तिला वाटलं, नाव घालणं म्हणजे आपणच आपल्याला परकं करून घेणं.

रविवार आला. कंडक्टरनं दाढी गुळगुळीत केली, जुना कोट घातला. तो कोट तिनं इतक्यांदा उलटसुलट केला होता की मूळ कापडाला स्वतःचा रंग आठवत नसेल. वाटेत ती त्याला बजावत होती, "तिथं बसबिस काढायची नाही. आणि विहीणबाई काही बोलल्या तर जीभ उचलून टाळ्याला लावायची नाही."

"माझी जीभ आज सुट्टीवर आहे," तो म्हणाला.

समोरून लेकीकडची मंडळी आली. विहीणबाई, त्यांची मुलगी, जावई, लेक आणि लेकीची चिमुरडी. लेकीनं नवा ड्रेस घातला होता आणि चालताना ती आज वेगळीच दिसत होती, खांदे मागं घेतलेले. रफूवालीनं ते बघितलं. तिला वाटलं, एवढ्यासाठी केलं सगळं.

काचेच्या दारात ती केस चापलेली पोरगी उभी.

"नमस्कार. कुणाच्या नावानं बुकिंग आहे?"

"नाव नाही घातलेलं," रफूवाली हसून म्हणाली. "आपलंच आहे."

"हो, पण नाव?"

"अगं, नाव कशाला, आपलंच हॉटेल आहे हे. मालकिणीला विचार."

पोरगी नवीन होती, तिची काय चूक. तिनं हातातल्या कागदावर बोट फिरवलं. "'आपलं' या नावानं काही नाहीये इथं."

मागं विहीणबाईंची मुलगी फिसकन हसली.

"मालकीणबाई कामात आहेत. तुम्ही बाहेर बाकावर बसा, टेबल रिकामं झालं की बोलावते."

बसले सगळे बाकावर. दार उघडलं की आतनं भाजलेल्या पिठाचा वास यायचा, बंद झालं की जायचा. नाव घातलेली माणसं येत होती, नाव सांगत होती आणि आत जात होती. त्यातली दोनचार तर रफूवालीनंच पूर्वी कधी पाठवलेली. एकजण हात करून म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेर कशा? आज आम्ही चौघांत तीनच सांगणार, तुम्ही म्हणता तसं!" आणि आत गेला.

बाकासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे जिना, जिन्याखाली तिचं बंद दुकान.

"इथनं तुमचं दुकान छान दिसतं," विहीणबाई म्हणाल्या. "ते पण तुमच्याच मालकीचं?"

"नाही, ते भाड्याचं."

"हो का. म्हणजे बसता ते भाड्याचं, आणि बसायला मिळत नाही ते मालकीचं."

लेक बाकाच्या टोकाला बसून मुलीच्या बुटाची नाडी सोडत होती आणि बांधत होती, सोडत होती आणि बांधत होती.

"आजी, भूक लागली," चिमुरडी म्हणाली.

"हो गं राणी, आलंच."

जावई उठला. "आपण दुसरीकडे जाऊ या का? तो कोपऱ्यावर सूपवाला दिसला."

"नाही," लेक म्हणाली. इतक्या कडक आवाजात म्हणाली, की जावई परत बाकावर बसला.

शेवटी दार उघडलं आणि हॉटेलवाली स्वतः बाहेर आली, कुणातरी बड्या पाहुण्यांना निरोप द्यायला. सुगंध मारलेले, चकचकीत बुटांचे पाहुणे. वळताना तिची नजर बाकावर गेली.

"अगंबाई, ताई! तुम्ही आज?"

रफूवाली उठली. आता होईल, तिला वाटलं. आता ही हात धरेल. "मी सांगून गेले होते ना, रविवारी सात जण."

"हो हो, सांगितलं होतं खरं. पण ताई, असं तोंडी नाही चालत हो आता. आमच्या हॉटेलचा नियमच आहे. नाव नोंदवल्याशिवाय आमच्याकडे रविवारी टेबल मिळत नाही कुणाला." मग ती त्या चकचकीत पाहुण्यांकडे वळून गोड हसली. "ह्या आमच्या समोरच्या रफूवाल्या. हात इतका साफ आहे ना, तुमचं काही फाटलंबिटलं असेल तर यांनाच द्या."

आमच्या हॉटेलचा. आमच्याकडे.

रफूवाली लिहायला शिकली नव्हती, पण बोलणं तिला कळत होतं. आपलं म्हणजे तुझं नि माझं. आमचं म्हणजे माझं, तू त्यात नाहीस. तान्हं पोर बोलायला लागतं तेव्हापासून त्याला हा फरक कळतो. आणि हॉटेल आपल्यातनं आमच्यात कधी गेलं, कुठल्या वर्षी, कुठल्या ताटलीला, तिला पत्ता नव्हता. वरनं स्वतः ती मात्र 'आमच्या' झाली होती. हॉटेल तिचं नव्हतं, ती हॉटेलची होती.

हॉटेलवालीच्या मनात काही वाईट नव्हतं, हे त्याहून वाईट. तिनं क्षणभर विचार केला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "असं करते, आत मागं भट्टीशेजारी आमच्या कामाच्या पोरांचं जेवायचं टेबल आहे, तिथं बसवते तुम्हाला. तुम्ही काय, घरच्याच!"

रफूवालीनं लेकीकडे बघितलं. उठून जावं तर सगळ्यांसमोर लेक खोटी ठरते. बसावं तर निदान हॉटेलाच्या आत तरी बसलो म्हणता येईल. ती म्हणाली, "चालेल."

"घरच्या माणसांनी स्वयंपाकघरातच बसावं, नाही का विहीणबाई?" विहीणबाई उठता उठता म्हणाल्या.

मागचं टेबल उघडं होतं, वर कापड नाही, चाकूचे चरे पडलेलं. एका बाजूला भट्टीची धग, दुसऱ्या बाजूला भांडी घासायचा हौद. एक वाढपी त्यांच्या डोक्यावरनं ताटल्या नेत होता, दुसरा "जरा सरका, जरा सरका" करत होता.

"पुढं सरका, पुढं जागा आहे," कंडक्टर पुटपुटला. कुणी हसलं नाही.

जुना वाढपी धावत आला. त्याचा चेहरा पडला होता. "ताई, मी म्हणत होतो ना..."

"राहू दे रे. दोन नाड्या आण, एक अस्तर आण, एक मोठा पिझ्झा. आणि पावाची टोपली."

"हे काय मागवताय तुम्ही?" विहीणबाईंच्या मुलीनं विचारलं. "नाड्या?"

"आई त्यांना तसंच म्हणते," लेक खाली बघत म्हणाली.

जेवण चांगलंच होतं. तेच तर. चिमुरडीनं मिटक्या मारत खाल्लं, जावयानं दुसऱ्यांदा घेतलं. विहीणबाईंनी दोन घास खाल्ले, ओठ टिपले आणि म्हणाल्या, "छान उबदार आहे इथं." ज्या खाण्याचं रफूवालीनं जन्मभर गुणगान केलं, ते पहिल्यांदाच टेबलाशी बसून खात होती आणि तिला चव लागत नव्हती.

बिल घेऊन दारातली ती पोरगी आली. टेबलाभोवती नजर फिरवली, कोट बघितले, चेहरे बघितले आणि बिल नेमकं जावयापुढं ठेवलं. तिलाही, बघ, कपड्यावरनं माणसाची ऐपत कळत होती. रफूवाली पिशवीत हात घालेस्तोवर त्या शांत माणसानं पैसे ठेवूनही दिले. त्यानं चांगुलपणानंच केलं.

"अहो, हे काय, आम्ही बोलावलंय तुम्हाला," रफूवाली म्हणाली.

"असू द्या हो," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या मुलानं पैसे दिले. म्हणजे आजच्यापुरतं आमचंच हॉटेल!"

बाहेर आल्यावर लेक वाकून आईच्या पाया पडली नाही की गळ्यात पडली नाही, मुलीचा हात धरून नुसती उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "तू मला आधी सांगायचंस."

"काय सांगायचं?"

"की नाहीये म्हणून."

रफूवालीलाच कुठं ठाऊक होतं?

घरी येईपर्यंत कंडक्टर एक शब्द बोलला नाही. त्याला बोलायचा हक्क होता, सगळं त्यानं आधीच सांगितलं होतं. पण तो बोलला नाही. आल्यावर त्यानं तिच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातनं कापडांचं गाठोडं आलं, काठ शिवायला. तिनं शिवलं आणि जसं इतरांना सांगते तसं मजुरीचं सांगितलं. माणूस पैसे देऊन गेला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, पण इथं वैद्य मेला हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. हॉटेलवाली रस्त्यात भेटली की पहिल्यासारखीच "काय ताई!" म्हणायची. आणि स्टुलावर बसून कुणी विचारलं, पोरं घेऊन कुठं जाऊ, तर रफूवाली अजूनही समोरच पाठवायची. खोटं कसं सांगायचं? खाणं चांगलं आहे, स्वस्त आहे, पोरं खूष होतात. फक्त एवढंच म्हणायची, "नाव घालून जा."

लेक मात्र यायची कमी झाली. फोन केला की "कामात आहे." दिवाही न लावता रफूवाली जिन्याखाली बसून राहायची आणि तिला एकच घोर, माझ्यापायी पोरीची मान आणखी खाली गेली. त्या घरात आता तिला काय काय ऐकावं लागत असेल!

पुढं बऱ्याच दिवसांनी विहीणबाईंनी घरात काहीतरी जेवण काढलं, पाहुणे पुष्कळ होते, आणि या दोघांनाही बोलावणं आलं. रफूवाली जीव मुठीत धरून गेली. आत पाऊल टाकते तर मोठ्या खोलीत हशा चाललेला. मधोमध तिची लेक उभी, हातात पेल्यांचा ट्रे, आणि सगळे तिच्याभोवती. विहीणबाई सुद्धा. विहीणबाईंनी तर तिच्या कमरेत हात घातला होता.

लेक आईची नक्कल करत होती.

"...आणि ती पोरगी विचारते, कुणाच्या नावानं? तर आमच्या आईसाहेब काय म्हणतात, नाव कशाला! आपलंच आहे!" आणि तिनं अगदी आईसारखी मान वाकडी केली, दातानं दोरा तोडल्यासारखं केलं. खोली गदगदा हसली. "मग ती पोरगी कागदात शोधते हो, 'आपलं' कुठं आहे, 'आपलं' कुठं आहे!"

"किती गुणी आहे बाई माझी सून," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "हिच्याशिवाय घराला शोभा नाही."

तेवढ्यात लेकीला आई दारात दिसली. पण हशा एवढा जोरात होता की तिला थांबता येईना, आणि थांबली असती तर सगळ्यांना कळलं असतं.

रफूवालीनं एका नजरेत सगळं बघितलं. विहीणबाईंचा हात लेकीच्या कमरेत होता. लेकीची मान वर होती. आपल्याला जे त्या रविवारी तिला देता आलं नाही, ते पोरीनं स्वतः मिळवलं होतं, आणि त्याची किंमत तिनं आईच्या गाठीतनं मोजली होती.

"अहो, ह्याच त्या!" कुणीतरी ओरडलं. "या या, मावशी! पुढं काय म्हणालात तुम्ही त्या पोरीला? तुमच्याच तोंडानं सांगा!"

कंडक्टरनं तिच्या कोपराला हात लावला. चल, म्हणून. तिनं हात सोडवला.

ती खोलीच्या मधे गेली, लेकीच्या शेजारी उभी राहिली, मान वाकडी केली आणि सांगितलं. अगदी तसंच, त्या दिवशीच्या आवाजात. नक्कल लेकीपेक्षा तिचीच जास्त चांगली झाली. लोक पोट धरून हसले.

लेकही हसली. पण आईकडे न बघता, पेले घेऊन आत गेली.